बेलचं बटण कुणी पुसायचं?

सरकारी नोकरीत ३४ वर्षं काढली. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले, परिसेविका म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. शेवटची सात वर्षं इन्फेक्शन कंट्रोलचं रजिस्टर माझ्याकडं होतं, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खायचं काम माझ्याकडं होतं. आता लातूरला घरी असते आणि तुमची पत्रं वाचते. या महिन्यात चार पत्रं एकाच विषयावर, दवाखान्यातल्या स्वच्छतेवर आली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : वडिलांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून रॉड टाकला. अकराव्या दिवशी टाक्यातून पू आला. डॉक्टर म्हणाले, हे हॉस्पिटलमधलं इन्फेक्शन आहे. त्या वॉर्डात दिवसातून तीनदा फरशी पुसायचे, फिनेलचा वास पार जिन्यापर्यंत यायचा. मग इन्फेक्शन आलं कुठून? वॉर्ड स्वच्छ आहे की नाही, हे कुणी तपासतं का?
– एक मुलगा, अहमदपूर तालुका

उत्तर : आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे तुम्ही लगेच भांडायला निघणार नाही. वडिलांच्या जखमेतला जंतू नेमका कुठून आला, हे वॉर्डाकडं बोट दाखवून सांगता येत नाही. तो त्यांच्या स्वतःच्या कातडीवरचाही असू शकतो. साखर वाढलेली असेल तर त्याला आयतीच वाट मिळते. ऑपरेशनच्या खोलीत, ड्रेसिंग करताना, कुणाच्याही हातून तो येऊ शकतो. पण तुमचा दुसरा प्रश्न अगदी बरोबर जागी लागला आहे.

फरशीचं सांगते. पेशंट फरशीला हात लावत नाही, डॉक्टर लावत नाही, मीही लावत नव्हते. हात लागतात ते खाटेच्या रेलिंगला, लॉकरच्या कडीला, सलाईन स्टँडच्या स्क्रूला, संडासाच्या नळाला आणि सिस्टरला बोलवायला उशीजवळ लोंबणाऱ्या बेलच्या बटणाला. जंतू चालत येत नाही, तो हातावर बसून येतो. आणि अशा कोरड्या जागी तो दोन दिवसांत मरतो, हा आपला भ्रम आहे. पुवाच्या जखमांमध्ये नेहमी सापडणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस कोरड्या पृष्ठभागावर आठवड्यापासून काही महिने टिकू शकतो. आयसीयूत डॉक्टरांची झोप उडवणारा अॅसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू तर पाच महिन्यांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. म्हणजे आषाढात भरती झालेल्या पेशंटचा जंतू दिवाळीला आलेल्या पेशंटची वाट बघत त्याच रेलिंगवर बसलेला असू शकतो.

फिनेलचा वास हा तर मोठाच फसवा साक्षीदार. वास आला म्हणजे फिनेल सांडलं, एवढंच सिद्ध होतं.

तपासतं का कुणी? तपासतात, पण बहुतेक ठिकाणी डोळ्यांनी. साहेबांचा राउंड असतो, बोट फिरवून धूळ बघतात, जाळी-जळमटं बघतात, चादरी बघतात. २०१५ पासून सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठी केंद्र सरकारची कायाकल्प योजना आहे, तिचं पथक येऊन गुण देतं. योजना चांगली आहे, तिच्यामुळं कचऱ्याच्या बादल्यांचे रंग तरी जागेवर आले. पण पथक येणार म्हटलं की आदल्या आठवड्यात काय धांदल उडते, ते मी पाहिलंय. लग्नघरासारखी रंगरंगोटी, नवे पडदे, कुंड्या. पथक गेलं की पडदे धुवायला गेले ते गेलेच.

डोळ्यांना जंतू दिसत नाही, ही खरी अडचण. म्हणून मी जे केलं ते सांगते. अतिनील टॉर्चखाली चमकणारं एक पारदर्शक जेल मिळतं. वाळल्यावर दिसत नाही, पण ओल्या फडक्यानं एकदा नीट पुसलं की निघून जातं. एका रात्री राउंड झाल्यावर मी बारा खाटांवर प्रत्येकी पाच ठिकाणी मसुराच्या दाण्याएवढे ठिपके लावले : रेलिंग, बेलचं बटण, लॉकरची कडी, सलाईन स्टँडचा स्क्रू आणि जेवणाच्या टेबलाची कड. एकूण साठ. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की फक्त त्या दिवसापुरतं सगळं स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, साफसफाई उरकल्यावर, खिडक्यांचे पडदे ओढले आणि टॉर्च लावला. साठांतले सव्वीस ठिपके पुसले गेले होते. टेबलं बरी होती. रेलिंग वरच्या अंगानं पुसलेलं, आतल्या अंगानं नाही, आणि पेशंट उठताना धरतो ते आतलंच अंग. बाराच्या बारा बेलपैकी एकच बटण पुसलेलं निघालं. चौकशी केली तर कळलं, पहाटे त्या पेशंटचा चहा त्याच्यावर सांडला होता.

माझ्या कामगिरीचा हा आकडा पाहून मला वाईट वाटलं खरं, पण पुढं कळलं की मी काही एकटी नव्हते. अमेरिकेत फिलिप कार्लिंग या डॉक्टरांनी याच पद्धतीनं २३ हॉस्पिटलं तपासली होती, २००८ साली ते छापून आलं. पुसायला हवेत अशा जागांपैकी जेमतेम निम्म्या पुसल्या जात होत्या. आपल्याकडंच घाण आणि तिकडं सगळं लख्ख, असलं काही नाही.

आमच्या वॉर्डातल्या मावशीला मी टॉर्च हातात दिला. तिनं खाटेवर धरला आणि एकदम मागं सरकली. “आगं माय! हे काजवे कुठून आले म्हणायचे?” मी तिला समजावून सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. तिनं शांतपणे विचारलं, “सिस्टर, बेलचं बटण लाईटवाल्याचं. सलाईनचा स्टँड तुमचा. ह्ये लोखंड कुणाचं मला ठाव न्हाई. मला फरशी अन् संडास सांगितलंय, त्ये मी सकाळधरून करायलाले की.”

त्या एका वाक्यानं मला सात वर्षांच्या ट्रेनिंगपेक्षा जास्त शिकवलं. मावशीची वस्तू मावशी पुसत होती. सिस्टरची वस्तू सिस्टर पुसत होती, निदान ड्रेसिंग ट्रॉली तरी. मधल्या वस्तू कुणाच्याच वाट्याला आलेल्या नव्हत्या : बेल, रेलिंग, बीपीचा पट्टा, मॉनिटरची बटणं, सिरिंज पंप, व्हीलचेअरचे हात. वीज लागते म्हणून मावशी त्यांना हात लावत नव्हती आणि पुसायचं काम म्हणून सिस्टर लावत नव्हती. जंतू नेमका या बेवारस वस्तूंवर सुखानं नांदत होता.

मग बसून यादी केली. वस्तू, कुणी पुसायची, कधी, कशानं. बीपीचा पट्टा, मॉनिटर आणि पंप सिस्टरकडं. बेल, रेलिंग, लॉकर, स्टँड मावशीकडं. व्हीलचेअर वॉर्डबॉय मामाकडं, त्याला ते अजिबात आवडलं नाही. तीन आठवड्यांनी परत साठ ठिपके लावले, सत्तेचाळीस पुसलेले निघाले. आम्ही पेढे वाटले. आणि मग पुढच्या वर्षी ठेकेदार बदलला, जुन्या मावशा गेल्या, नव्या आल्या, आणि आकडा परत तिशीच्या आत आला. तेव्हापासून मी पेढे वाटणं बंद केलं आणि दर महिन्याला टॉर्च फिरवायला लागले.

तुम्ही वडिलांना ड्रेसिंगसाठी नेता तेव्हा भांडू नका. तिथल्या सिस्टरला एवढंच विचारा : “या खाटेची बेल कोण पुसतं?” उत्तर लगेच आलं तर त्या वॉर्डात काही व्यवस्था आहे. एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या तर तुम्हाला कळायचं ते कळलं.

प्रश्न : आमचं परभणीत ३० खाटांचं हॉस्पिटल आहे. एक विक्रेता एटीपी मशीन घेऊन आला होता. माझ्याच टेबलावर कांडी फिरवली आणि मशीनमध्ये १२०० च्या वर आकडा दाखवला. म्हणाला, बघा किती जंतू. मशीन घ्यावं का? दर महिन्याला आम्ही ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) फॉगिंग, म्हणजे जंतुनाशकाचा धूर, करून स्वॅब लॅबला पाठवतो, ते पुरेसं नाही का?
– व्यवस्थापक, परभणी

उत्तर : तुमच्या टेबलावर आदल्या तासात दुधाचा चहा आला होता का, हे आधी आठवा.

मशीन खोटं बोलत नाही, विक्रेता थोडं वाढवून बोलतो. एटीपी हा प्रत्येक जिवंत पेशीतला ऊर्जेचा रेणू. कांडीवर काजव्याच्या शेपटीतलं रसायन असतं, ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज. एटीपी भेटला की त्यातून उजेड पडतो आणि मशीन तो उजेड मोजतं. आमच्या मावशीच्या तोंडून निघालेला काजवा इथं खराच निघाला. पण हा काजवा जंतू, चहा, घाम, रक्त आणि कालच्या पोह्याचा कण यांच्यात फरक करत नाही. उलट विषाणूत स्वतःचा एटीपी नसतो, त्यामुळं विषाणूनं माखलेली जागाही तो निर्मळ म्हणून सोडेल. १२०० म्हणजे बाराशे जंतू नव्हेत. तो उजेडाचा आकडा आहे, आणि एका कंपनीच्या मशीनचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी जुळत नाही. कुणी २५० ची रेषा धरतं, कुणी ५०० ची.

आणखी एक. पृष्ठभागावर हायपोक्लोराईट, म्हणजे ब्लीच, राहिलं असेल तर ते काजव्याचा उजेडच दाबतं. म्हणजे नुकतंच ब्लीच ओतून न पुसताच सोडलेली जागा मशीनला स्वच्छ दिसू शकते. वाळू द्या, मग कांडी फिरवा.

म्हणून एटीपी वापरायचंच असेल तर ते स्वतःशी तुलना करायला वापरा. तीच जागा, तोच हात, साधारण १० बाय १० सेंटिमीटर, पुसण्याआधी आणि पुसल्यावर. आकडा खाली आला की पुसणं लागलं. हे दृश्य मावशीला दाखवा, दहा भाषणांचं काम एका आकड्यात होतं. खर्चाचं लक्षात ठेवा : मशीन एकदाच घ्यायचं, कांडी मात्र प्रत्येक वेळी नवी. तीस खाटांना आधी जेल आणि टॉर्च पुरे. जेलचाही तोटा सांगून ठेवते, म्हणजे कुणी नंतर माझ्या नावानं बोटं मोडायला नको : ते फक्त फडकं फिरलं की नाही एवढंच सांगतं. जंतू मेला की नाही, हे त्याला कळत नाही.

ते कळतं कल्चरनं, म्हणजे जंतू वाढवून बघितल्यानं. खाटेच्या रेलिंगवर किंवा लॉकरवर ठोकायच्या ताटल्या मिळतात, २५ चौरस सेंटिमीटरच्या. ताटली ठोका, उबवणीत ठेवा, दोन दिवसांनी उगवलेल्या जंतूंच्या वसाहती, म्हणजे ठिपके, मोजा. स्कॉटलंडच्या डॉ. स्टेफनी डान्सर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी हात लागणाऱ्या जागांसाठी चौरस सेंटिमीटरला अडीच वसाहतींची मर्यादा सुचवली आहे. म्हणजे एका ताटलीवर साठ-बासष्टच्या वर गेलं तर गडबड. पण हे साथ आली, एकाच जंतूचे तीन पेशंट लागोपाठ निघाले, अशा वेळी शोध घ्यायला. दर महिन्याला भिंतीचे नि फरशीचे स्वॅब पाठवून ‘नो ग्रोथ’चे रिपोर्ट फायलीत लावणं म्हणजे वरातीमागून घोडं. रिपोर्ट येईपर्यंत त्या ओटीत पन्नास ऑपरेशनं झालेली असतात.

आणि फॉगिंग. आमच्या पिढीनं फॉर्मॅलिनचे, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या फॉर्माल्डिहाईडचे, डोळे चुरचुरणारे धूर सोसले. फॉर्माल्डिहाईडमुळं माणसाला कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली जाहीर केलं, तरी ते धूर पुढं कितीतरी वर्षं चालू होते. धुरानं रक्ताचा वाळलेला डाग जात नाही. आधी साबणपाणी, मग जंतुनाशक, मग वाटलं तर तुमचं फॉगिंग. आपल्याकडं बरेच जण उलट्या बाजूनं सुरुवात करतात, कारण धूर दिसतो आणि पुसणं दिसत नाही.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. याच डान्सरबाईंनी २००९ साली एक साधा प्रयोग छापला. दोन वॉर्ड घेतले. एकीकडं सहा महिने सोमवार ते शुक्रवार एक जादा सफाई कामगार दिली, मग सहा महिने दुसरीकडं. तिचं काम फक्त हात लागणाऱ्या जागा पुसणं. त्या जागांवरचे जंतू ३२.५ टक्क्यांनी घटले आणि एमआरएसएच्या, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसच्या, नव्या लागणी २६.६ टक्क्यांनी. दोनच वॉर्डांचा प्रयोग आहे, त्याला वेद मानू नका. पण मशीनचे पैसे हातात आहेतच, तर आधी एक मावशी वाढवून बघा. तिला पगार वेळेवर द्या. मशीन काय, पुढच्या वर्षीही मिळेल.

प्रश्न : माझी आई हिंगोलीत एका दवाखान्यात सफाईला आहे. बादलीत ब्लीच किती टाकायचं, कुणी सांगत नाही. आई अंदाजे ओतते. हाताची कातडी निघते, कधी कधी खोकला लागतो. संडासात अॅसिड आणि ब्लीच एकत्र टाकायला सांगतात. हे बरोबर आहे का?
– बारावीतली एक मुलगी

उत्तर : बाई, हे पत्र मी आधी छापायला हवं होतं.

अॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आईचा खोकला बहुतेक त्याचाच आहे. उद्याच बंद करायला सांग. ब्लीचमध्ये फिनेल किंवा दुसरं काहीही मिसळू नये. एका वेळी एकच, आणि मध्ये पाण्यानं धुऊन.

माप वहीत लिहून घे. दवाखान्यात पाच टक्क्यांचं हायपोक्लोराईट कॅनमध्ये येत असेल तर : रक्त, पू, उलटी सांडली असेल तिथं एक भाग औषध आणि चार भाग पाणी, म्हणजे एक टक्का. रेलिंग, लॉकर, टेबलासाठी एक भाग औषध आणि ४९ भाग पाणी, म्हणजे ०.१ टक्का. कॅनवर टक्केवारी वेगळी असेल तर हिशेब बदलतो, तू बारावीला आहेस, तू काढशील. ब्लीचिंग पावडर असेल, तीस-तेहतीस टक्क्यांची, तर एका लिटरला ३० ग्रॅम टाकली की एक टक्का होतं. चहाच्या कपानं माप ठरवा आणि त्या कपावर रंगानं फुली मारा, म्हणजे त्यात कुणी चहा घेणार नाही.

पाणी रोज सकाळी नवं करायचं. कालचं उरलेलं आज चालत नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि कॅन जिन्यावरच्या उन्हात ठेवलेले असतात. तशा कॅनमधलं औषध दर आठवड्याला पातळ होत जातं, वास मात्र येत राहतो. कॅन सावलीत, झाकण लावून.

आता जी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली ती सांगते. औषधाला काम करायला ओलावा लागतो, दहा मिनिटं जागा ओली राहायला हवी. उन्हाळ्यात वॉर्डात कूलर फिरत असतो, आई फडकं फिरवते आणि दोन मिनिटांत लोखंड कोरडं ठाक. औषध लागलंच नाही. उन्हाळ्यात फडकं चांगलं निथळतं ओलं ठेवायचं आणि जागा वाळली तर दुसऱ्यांदा फिरवायचं. आणि आधी साबणपाण्यानं मळ काढायचा, कारण रक्तात-मळात ब्लीचचा जोर संपतो.

बोअरचं पाणी असेल तर नळावर, स्टीलवर पांढरे क्षार बसतात. त्या खरबरीत थरात घाण अडकते. तो थर आठवड्यातून एकदा लिंबाच्या फोडीनं किंवा व्हिनेगरनं काढायचा. पण तेही अॅसिडच, तेव्हा ब्लीचच्या दिवशी नाही, आणि आधी पाण्यानं धुऊन.

हातमोजे मागा. जाड रबरी, लांब. संडासाचे वेगळे, खाटेचे वेगळे. ते दवाखान्यानं द्यायचे असतात, आईच्या पगारातून नाही. एका खाटेला एक फडकं. दोनदा दुमडून चौपदरी केलं की आठ बाजू मिळतात, एक बाजू मळली की उलटायची. वरून खाली, स्वच्छ जागेकडून घाण जागेकडं. आईला हे नक्की माहीत असेल, घर सारवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. तिला शिकवायचं काय, तर बेलचं बटण. ते काम तिच्या नावावर लावून घ्या आणि दवाखान्यालाही लेखी मागा, कोणती वस्तू कुणाची.

पाण्याची टंचाई असेल तर काय, असं तू लिहिलं नाहीस, पण २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी ज्या हॉस्पिटलात होते, तिथं आम्ही फरशी दिवसाआड केली आणि हात लागणाऱ्या जागा रोज. बादलीभर पाण्यात बारा खाटांच्या रेलिंग-बेल-कड्या होतात. तेवढ्याच पाण्यात फरशीच्या दोन खोल्याही होत नाहीत. साहेब चिडले, फरशी कळकट दिसते म्हणून. मी म्हटलं, दिसू द्या.

प्रश्न : सासूबाईंना भेटायला दवाखान्यात रोज जाते, डबा नेते. खाटेवर बसून त्यांना भरवलं तर चालतं का?
– एक सून, उदगीर

उत्तर : खाटेवर बसू नका, स्टूल मागून घ्या. डबा खाटेवर ठेवू नका, लॉकरवर ठेवा, पण लॉकर आधी ओल्या फडक्यानं पुसा. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा, आणि मधे रेलिंगला हात लागला तर भरवण्याआधी पुन्हा धुवा. सासूबाईंचे हातही धुवायला विसरू नका, त्या दिवसभर त्याच रेलिंगला धरून असतात. आणि एकदा ते बेलचं बटण पुसून द्या. तिथल्या मावशीचं ते काम आहे की नाही, त्याचा वाद नंतर घालू.